ठाण्याचं स्थळ आणि लेकीचे हातमोजे

पत्र:

माझी मुलगी २८ वर्षांची आहे. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, ती सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत नोकरी करते. कॉलेजात असताना तिच्या चेहऱ्यावर, पाठीवर मोठमोठ्या दुखऱ्या पुटकुळ्या यायच्या. तीन वर्षांपूर्वी उजव्या कॉलर बोनपाशी दुखायला लागलं, मग तिथे टेंगूळ आलं. आधी ईसीजी काढला, तो चांगला निघाला. नंतर टीबीच्या संशयावरून गोळ्या सुरू झाल्या, काही गुण आला नाही. बायोप्सीत टीबीही नाही आणि कॅन्सरही नाही असं आलं. त्यानंतर हातापायांच्या तळव्यांवर पुवाचे बारीक फोड यायला लागले. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी बोन स्कॅन करून ‘सॅफो सिंड्रोम’ असं नाव सांगितलं आणि आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट ही गोळी सुरू केली.

ठाण्याचं एक चांगलं स्थळ आलंय. पत्रिका जुळली, दोघांचं व्हिडिओ कॉलवर बोलणंही होतं. दिवाळीनंतर ती मंडळी इंदूरला येणार. माझी बहीण म्हणते, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. मुलगी म्हणते, आधी सांगा, नाहीतर मी समोर येणारच नाही. यांना विचारलं तर हे पेपर वाचतात. शेजारच्या भाभींनी तिचे हात बघून ‘ये कोढ़ तो नहीं?’ विचारलं, तेव्हापासून मी तिला घरातसुद्धा मोजे घालायला लावते. हा रोग लागतो का? पुढे तिच्या मुलांना होईल का? सांगावं की नाही?

– एक आई, इंदूर

उत्तर:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण सगळं पत्र त्याच्याभोवती फिरतंय. सांगायचं. साखरपुड्याच्या आधी सांगायचं आणि मुलीने स्वतः सांगायचं. तुम्ही नाही, मावशी तर नाहीच नाही. मात्र त्याआधी तुम्हा तिघांना हा आजार नीट कळायला हवा. पत्रावरून दिसतंय की मुलीला तो कळलाय, तुमच्यापर्यंत मात्र अजून त्याची भीतीच पोचली आहे.

घरातले मोजे आजच काढायला सांगा. हा आजार लागत नाही. पू दिसला की जंतू आठवतात, तो तुमचा दोष नाही. पण या फोडांतला पू म्हणजे शरीराच्याच पांढऱ्या पेशी. तो तपासायला पाठवला तर बहुतेक वेळा त्यात काही वाढत नाही. टॉवेल वेगळा नको, ताट वेगळं नको, कणीक मळायला बंदी नको. भांड्यांचा साबण मात्र तिच्या तळव्यांना झोंबेल, तेवढं काम तिच्याकडून काढून घ्या. बाहेर जाताना गाडीवर ती मोजे घालत असेल तर घालू दे. तोंडाला ओढणी गुंडाळून कोपरापर्यंत मोजे चढवलेल्या मुली आपल्याकडे प्रत्येक सिग्नलला उभ्या असतात, त्यांत तिच्याकडे कोण कशाला बघतंय? घरात मात्र घामाने भिजलेले मोजे त्या कातडीला त्रासच देतात. रात्री मलम लावून वर सुती मोजे घालायला डॉक्टरांनीच सांगितलं असेल, तर ते जरूर चालू ठेवा.

भाभींनाही उत्तर देऊन टाका. कुष्ठरोगात कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टे येतात आणि तिथली संवेदना जाते. तुमच्या मुलीचे फोड दुखतात, खाजतात, वाळून तपकिरी होतात आणि सोलून निघतात. आणि कुष्ठरोग असता तरी काय? तो औषधाने पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. घटस्फोटाच्या कारणांमधूनसुद्धा तो २०१९ साली कायद्याने काढून टाकला. कायदा बदलला, आपल्या ओट्यावरच्या गप्पा काही बदलल्या नाहीत.

आता सॅफोविषयी. हे नाव फ्रान्समधल्या संधिवाततज्ज्ञांनी १९८७ साली पुढे आणलं. कॉलर बोनचं दुखणं आणि तळव्यांवरचे फोड एकाच माणसात दिसतात, हे जपानी डॉक्टरांनी त्याच्याही आधी नोंदवलं होतं. पाच गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘सॅफो’ झालंय: सांध्याच्या अस्तराची सूज, मुरूम, पुवाचे फोड, हाड जाड होणं आणि हाडाची सूज. पाचही गोष्टी प्रत्येकात दिसतात असं नाही. काहींच्या कातडीवर कधीच काही उमटत नाही. काहींना मुरूम आधी येतात आणि हाडाचं दुखणं पुढे काही वर्षांनी. तुमच्या लेकीचं बहुधा तसंच झालंय. कॉलेजातल्या त्या पुटकुळ्या याच आजाराचा भाग असू शकतात, पण तेव्हा तुम्ही काय, कुणीच ते ओळखलं नसतं. मुरूम कुणाला येत नाहीत? दहा हजारांत एकाहूनही कमी जणांना हा आजार असावा, असा अंदाज सहसा दिला जातो. कातडीचे डॉक्टर कातडी बघतात, हाडांचे हाडं बघतात, आणि दोन्ही फायली एकाच टेबलावर यायला वर्षं जातात.

शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था बिथरते आणि जंतू नसताना हाडात, सांध्यात, कातडीत सूज पेटवते, असं थोडक्यात समजा. मोठ्या माणसांत तिची आवडती जागा छातीची पुढची भिंत. कॉलर बोन, छातीचं मधलं हाड आणि वरच्या बरगड्या जिथे एकमेकांना भेटतात, नेमकी तीच. म्हणून शिंक आली की कळ येते, कुशीवर वळताना जाग येते, हात वर करून केस बांधता येत नाहीत. तुमची मुलगी हल्ली केस मोकळे सोडत असेल तर ती दर वेळी फॅशन असेलच असं नाही, एकदा विचारून बघा. कुणाचा पाठीचा कणा धरतो, कुणाची माकडहाडाच्या वरची सांध्याची जागा.

टीबीच्या गोळ्यांबद्दल तुमच्या लिहिण्यात राग दिसतो. तो मी समजू शकते. तरीही सांगते, आपल्या देशात तरुण मुलीच्या हाडावर टेंगूळ दिसलं तर आधी टीबी मनात येणार, यायलाच हवा. गोळ्यांना दाद मिळत नाही म्हटल्यावर पुन्हा मुळापासून विचार व्हायला हवा होता, तो उशिरा झाला. सॅफोची पंचाईत अशी की रक्ताच्या चाचण्या फारशी साक्ष देत नाहीत. सूज दाखवणारे ईएसआर, सीआरपी थोडे वाढतात किंवा वाढतही नाहीत. नेहमीच्या संधिवाताच्या चाचण्या निगेटिव्ह येतात. बायोप्सीत नुसती सूज दिसते. बोन स्कॅन मात्र कधी कधी एका चित्रात सगळं सांगून टाकतो. किरणोत्सारी औषध टोचून काढलेल्या त्या फोटोत छातीच्या हाडाचा वरचा भाग आणि दोन्ही बाजूंचे कॉलर बोनचे सांधे इतके ठळक उमटतात की शिंगांसकट बैलाचं डोकं दिसतं. डॉक्टर त्याला बैलाच्या डोक्याचीच खूण म्हणतात. तुमच्या फाइलमध्ये तो फोटो असेल तर बाहेर काढून बघा, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

ती फाइल जिवापाड जपा. मूळ बायोप्सीचा अहवाल, स्कॅनची फिल्म, टीबीच्या गोळ्या कधीपासून कधीपर्यंत घेतल्या त्याचा कागद, सगळं एका जागी ठेवा. मुलगी उद्या ठाण्याला गेली आणि तिथल्या नव्या डॉक्टरांनी नुसता एक्स-रे बघितला, तर जाड झालेलं कॉलर बोन पाहून टीबी, कॅन्सर, बायोप्सी ही गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवरून सुटेल.

आणि इथेच तुमच्या बहिणीचा सल्ला मला पटत नाही. नीतीची गोष्ट तर आहेच, पण त्या सल्ल्यात मोठा धोका आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, तशा दुर्घटना झालेल्या आहेत. म्हणून वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहायचा. सोबत फॉलिक ॲसिड असतं. ठरावीक काळाने रक्त तपासून पेशी, यकृत आणि किडनी यांवर लक्ष ठेवावं लागतं. दारू वर्ज्य. सासरी हे सगळं ती कुठे आणि किती दिवस लपवणार? लपवायचं म्हणून एखाद्या आठवड्याची गोळी चुकवेल, मग दोन आठवड्यांची, मग तपासणीच राहून जाईल.

त्याहून मोठी गोष्ट अशी की या गोळीवर असताना दिवस राहता कामा नयेत. गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकतं. मूल हवं असेल तर गोळी आधी थांबवून डॉक्टर सांगतील तितके महिने, सहसा तीन ते सहा, वाट बघावी लागते. तोवर गर्भनिरोधक. मुरुमांसाठी कुणी आयसोट्रेटिनॉइन दिलं असेल तर तीच ताकीद त्यालाही लागू, शिवाय त्याची माहिती संधिवाताच्या डॉक्टरांना असायला हवी. आता आपल्याकडचं लग्नानंतरचं पहिलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. सत्यनारायणाच्या पूजेलाच ‘गोड बातमी कधी?’ सुरू होतं. ज्या नवऱ्याला गोळीच माहीत नाही, तो थांबेल कशासाठी? ‘लग्नानंतर सांगू’ म्हणजे नेमकं कोणत्या दिवशी, हे बहिणीला एकदा विचारा.

कायद्याचंही एका ओळीत सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, जोडीदाराविषयीची महत्त्वाची बाब फसवून लपवली आणि संमती मिळवली, तर ते लग्न रद्द करून मागता येतं. तिथपर्यंत कशाला जायचं?

मुलांना होईल का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आईकडून लेकराकडे सरळ उतरणारा असा हा आजार नाही. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कुणालाही तो नसतो. सोरायसिस किंवा कण्याचा संधिवात मात्र काहींच्या नात्यात आढळतो, तसं तुमच्याकडे किंवा यांच्याकडे कुणाला असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवा. (यांना पेपरातून डोकं वर काढायला हे एक चांगलं निमित्त आहे.)

पुढे काय होणार? हा आजार भरती-ओहोटीचा. महिनोन्महिने शांत असतो, मग उसळतो. कॅन्सर होत नाही, सहसा आयुष्य कमी होत नाही. काही जणांचा सांधा कायमचा जखडतो, हाडाचा उंचवटा राहून जातो. उपचाराची पहिली पायरी म्हणजे सुजेवरच्या वेदनाशामक गोळ्या, त्या पोटभर जेवणानंतर आणि डॉक्टरांच्या हिशेबानेच. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून रोज घेतल्या तर पोट आणि किडनी दोन्हींवर येतं. पुढे हाडासाठी पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेटचं सलाइन देतात. ते अनेकांना चांगलं लागू पडतं. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. मात्र ते देण्याआधी दातांची तपासणी करून घ्यायची, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम भरून काढायचं. हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, म्हणून मूल होऊ द्यायचंय हे डॉक्टरांना आधीच माहीत हवं. बघा, पुन्हा तिथेच आलो.

एवढ्यानं भागलं नाही तर जैविक इंजेक्शनं आहेत, म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेली, सूज पेटवणारा नेमका घटक अडवणारी औषधं. त्यांपैकी अ‍ॅडालिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच पण स्वस्त, अहमदाबादच्या एका कंपनीने २०१४ साली बाजारात आणलं, त्यामुळे खर्च पूर्वीइतका डोळे पांढरे करणारा राहिलेला नाही. अर्थात स्वस्तही नाही. ही इंजेक्शनं देण्याआधी शरीरात लपलेला टीबी आणि कावीळ बी आहे का, ते तपासतात. टीबीचं नाव पुन्हा ऐकून तुम्ही बिचकाल, म्हणून आधीच सांगते, ती नेहमीची खबरदारी आहे. क्वचित याच इंजेक्शनांनी तळव्यांवरचे फोड वाढतात. तसं झालं तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

दुखऱ्या कॉलर बोनच्या बाजूचा हात अचानक सुजला, जड झाला किंवा निळसर दिसायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जाड झालेल्या हाडाखाली शीर दबून गुठळी होऊ शकते. मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंड येणं, ताप, कोरडा खोकला किंवा धाप हेही अंगावर काढायचं नाही.

खाण्यापिण्याचं फार लावून घेऊ नका. उष्णता म्हणून तुम्ही आंबा, वांगं, पोह्यांवरची शेव बंद केली असेल तर खुशाल चालू करा. सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू (तळलेला कंद) खाल्ल्याने कॉलर बोन सुजत नाही. सिगारेटचं मात्र तळव्यांवरच्या या फोडांशी घट्ट नातं आहे, असे फोड येणाऱ्यांत ओढणारे फार जास्त आढळतात. तुमची मुलगी ओढते असं मी म्हणत नाही. पण हल्ली ऑफिसबाहेरच्या टपरीवर सगळेच उभे असतात आणि आईला ते शेवटी कळतं. विचारू नका. हे उत्तर तिच्या हातात द्या आणि आत निघून जा. दात किडलेला असेल, घसा वारंवार धरत असेल तर त्याचाही इलाज करून घ्या, काहींना त्याने फरक पडतो. आणि ‘आठ दिवसांत मुळासकट’ वाल्या पुड्यांपासून लांब राहा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असलं तर आठ दिवस खरंच बरं वाटतं, नवव्या दिवसापासून भोगावं लागतं.

आता सांगायचं कसं? ठाण्याच्या मंडळींनी गाडीचं रिझर्व्हेशन करण्याआधी. दोघांचं बोलणं चालूच आहे, तेव्हा तिने त्याला एक निवांत फोन करावा. रडत नको, माफी मागत तर मुळीच नको. साधारण असं: ‘मला सॅफो नावाचा सुजेचा आजार आहे. हाडं, सांधे आणि कातडीवर होतो. लागत नाही, जिवाला धोका नाही, पण बरीच वर्षं औषध घ्यावं लागेल. एका गोळीमुळे मूल ठरवूनच होऊ द्यावं लागेल. माझे हात असे दिसतात.’ आणि कॅमेरा तळहाताकडे वळवावा. फोड जास्त आहेत त्या दिवशीच फोन केलेला बरा. त्यानंतर तो हमखास इंटरनेटवर शोधणार आणि जगातले सगळ्यात वाईट फोटो बघणार. म्हणून तिच्या डॉक्टरांकडून अर्ध्या पानाची साधी चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा आणि ती त्याला पाठवा. प्रश्न असतील तर दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोलावं. त्याच्या आईवडिलांशी नंतर यांनी बोलावं. इथे बापाने बोलायला हवं, पेपर दुसऱ्या दिवशीही येतो.

नकार आला तर? येऊ शकतो, मी खोटा धीर देणार नाही. तुम्हाला आठवडाभर जेवण जाणार नाही, मावशी ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणेल. म्हणू दे. जो मुलगा फोनवर हे ऐकून मागे फिरला, तो तिच्या दुखण्याच्या रात्री उशाशी बसला असता असं तुम्हाला वाटतं का? मात्र नकार देणाऱ्यांना हात जोडून एक सांगा, ही गोष्ट विवाह मंडळाच्या ग्रुपवर नको. तुम्हीही चार नातेवाइकांना रिपोर्टचे फोटो पाठवत बसू नका. ज्याला लग्न करायचंय त्याला सगळं कळू दे, बाकीच्यांना पत्रिका मिळाली की झालं.

जमलं तर बस्ता बांधताना तिला बरोबर घ्या. जड हार आणि खांद्यावर पिनेने घट्ट बसवलेला शेला नेमका दुखऱ्या हाडावर येतो, हलकं बघा. तळव्यांवर फोड असतील तर मेंदी हातांच्या मागच्या बाजूला काढायची, आणि ती काळी, झटपट रंगणारी मेंदी तर कुठेच नको.

पुढच्या तपासणीला तुम्ही मुलीबरोबर जा, मुहूर्त काढायच्या आधी. डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: लग्न ठरलं तर औषध बदलावं लागेल का, मूल हवं असेल तर किती महिने आधी कळवायचं, आणि ठाण्याला ते तिला कुणाकडे पाठवतील. उत्तरं तिच्या वहीत तिलाच लिहू द्या.